नक्षीच्या कात्रीचा मधला खिळा

पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात आमच्या गावातल्या एकेका ओसरीवर रंगीत कागदाच्या कातरणांचा सडा पडलेला असतो. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी एवढे सांगायला हवे की पिठोरी अमावास्येला आमच्याकडे खऱ्या बैलांचा पोळा भरतो आणि दुसऱ्या दिवशी लहान मुलांचा तान्हा पोळा. त्यात मुले लाकडी नंदी सजवून आणतात, घरोघरी फिरवतात आणि लोक त्यांना बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, देतात. नंदीची झूल, शिंगांभोवतीच्या झालरी, पाठीमागे उभ्या केलेल्या देखाव्यातल्या पताका हे सगळे कागदाचे काम असते, आणि त्या कागदाला लाटेची, करवतीची किंवा पाकळीची किनार काढण्यासाठी हल्ली घरोघरी नक्षीची कात्री आलेली आहे. मुले तिला झिगझॅग कैची म्हणतात.

तीन वर्षांपूर्वी याच तयारीत माझ्या धाकट्या भावाच्या मुलीचा हात कापला. ती तेव्हा चौथीत होती. जखम कुठे झाली होती, हे आधी नीट सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावरूनच सुचलेले आहे. बोटाच्या टोकाला काहीही झाले नव्हते. डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यातली मऊ कातडी कात्रीत सापडून चिमटली आणि फाटली होती. दोन टाके घालावे लागले. माझ्या आईने कात्री उचलून देव्हाऱ्यावरच्या फळीवर ठेवून दिली आणि निकाल दिला, "पोरांच्या हातात एवढी धारदार कैची देतच कोण असते?"

मी शिक्षणाने फिटर आहे. बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत एका प्रेस टूलच्या कारखान्यात चौदा वर्षे डाय, म्हणजे पत्र्याला दाबून आकार देणारे साचे, बसवण्याचे काम केले आणि आता गावातच लेथ, ड्रिल आणि वेल्डिंगचे छोटे दुकान चालवतो. पत्रा कापणारी कोणतीही वस्तू उलटसुलट करून पाहण्याची खोड तिकडचीच. रात्री सगळे झोपल्यावर ती कात्री फळीवरून काढली आणि दिव्याखाली धरली. ती धारदार नव्हतीच. बोटाचे पेर तिच्या दात्यांवरून मी बिनधास्त फिरवू शकलो. दुसऱ्या दिवशी पुतणीला विचारले, तेव्हा ती म्हणाली, "मोठेबाबा, थे कापतच नव्हती. कागद फसला होता. म्हणून वढत होती मी." म्हणजे चमकीचा दुहेरी कागद पात्यांच्या मुळाशी अडकला होता, उजव्या हाताने ती जोर लावून कात्री दाबत होती आणि डावा हात थेट पात्यांच्या घशात घालून कागद बाहेर ओढत होती. कागद एकदम सुटला, पाती एकदम मिटली आणि बेचके मध्ये आले.

कात्री कापत असती तर हात कापला गेला नसता, हे वाक्य ऐकायला विचित्र वाटते; पण घडले तेच होते.

त्यानंतर मी गावातल्या आणि शेजारच्या दोन गावांतल्या मुलांकडून अशा बावीस कात्र्या मागून आणल्या. काही नव्या होत्या, बहुतेक जुन्या. त्यांतल्या नऊ कात्र्यांमध्ये एकेरी पतंगी कागदही धड कापला जात नव्हता, तो पात्यांमध्ये घडी पडून बसत होता. या नऊही कात्र्यांचे दाते शाबूत होते. बिघाड होता तो मधल्या खिळ्यात, म्हणजे दोन पाती ज्या रिव्हिटभोवती फिरतात त्या रिव्हिटमध्ये.

साध्या कात्रीत आणि नक्षीच्या कात्रीत इथे मूलभूत फरक आहे, आणि तो लक्षात यायला मला दोन-तीन दिवस लागले. साध्या कात्रीची धार सरळ असते. रिव्हिट थोडे ढिले होऊन एक पाते आपल्या लांबीच्या दिशेने अर्धा मिलिमीटर पुढे-मागे सरकले, तरी धार धारेवरूनच घसरते आणि कापण्यात फारसा फरक पडत नाही. आडव्या दिशेने ढिलाई आली तर मात्र कागद मुडपतो, आणि हे प्रत्येक शिंप्याला ठाऊक असते. नक्षीच्या कात्रीत एका पात्याची प्रत्येक लाट दुसऱ्या पात्याच्या लाटेत अचूक बसावी लागते. खिळ्यापासून तीन सेंटिमीटरवरचा वरचा दाता खिळ्यापासून तीन सेंटिमीटरवरच्याच खालच्या दात्याला भेटतो, कारण दोन्ही एकाच केंद्राभोवती फिरतात. परकाराचे टोक खिळ्यावर ठेवून वर्तुळे काढावीत, तसे हे दात्यांचे मार्ग असतात. केंद्रच हलले तर सगळी वर्तुळे एकमेकांवरून घसरतात.

आमच्या घरातली ती कात्री व्हर्नियरने, म्हणजे बारीक मापाच्या पट्टीने, मोजली. एका दात्यापासून दुसऱ्या दात्यापर्यंतचे अंतर 5 मिलिमीटर, दात्याची खोली 2.5 मिलिमीटर, म्हणजे प्रत्येक उतार पंचेचाळीस अंशांचा. रिव्हिटमध्ये लांबीच्या दिशेने 0.5 मिलिमीटर ढिलाई भरली. पंचेचाळीस अंशांच्या उतारावर एवढ्या ढिलाईचा अर्थ असा की, दर दुसऱ्या उतारावर सुमारे 0.35 मिलिमीटरची फट पडते आणि मधल्या उतारांवर पाती एकमेकांवर चढतात. वहीचा साधा कागद साधारण 0.1 मिलिमीटर जाड असतो. तीन कागद मावतील एवढी फट पडली, तर पतंगी कागद तिच्यात घडी होऊन बसणारच. शिवाय मधले उतार एकमेकांवर आपटून दाते बोथट होतात, ते वेगळेच.

जोराचा हिशेबही इथेच मांडून टाकतो. पंचेचाळीस अंशांच्या करवती किनारीची लांबी सरळ रेषेच्या 1.41 पट भरते. पंधरा सेंटिमीटरच्या पट्टीला किनार काढताना मुलाच्या हाताला प्रत्यक्षात एकवीस सेंटिमीटरहून अधिक कागद कापावा लागतो. त्यात या कात्र्यांची पाती लांब असतात आणि मुठी आखूड. खिळ्यापासून सहा सेंटिमीटरवर बोटे आणि सहा सेंटिमीटरवर टोक असेल, तर टोकाशी हाताचा जोर जेवढ्यास तेवढाच पोचतो, आणि दोन सेंटिमीटरवर तो तिप्पट होतो. मुलांना हे कोणी शिकवत नाही, पण त्यांना ते आपोआप कळते. कापले जात नाही म्हटल्यावर ती कागद घशात, थेट खिळ्याजवळ सरकवतात, आणि डावा हातही त्यामागोमाग तिथेच जातो.

दातेरी कात्रीची मूळ गरज कागदाची नव्हे, कापडाची. विणलेल्या कापडाची कड सरळ कापली की दोरे निसटू लागतात. करवती कडेत प्रत्येक दोरा तिरका आणि आखूड तुटत असल्यामुळे दसे निघणे बरेच कमी होते. अमेरिकेतल्या लुईस ऑस्टिन या महिलेला अशा कात्रीचे पेटंट 1893 मध्ये मिळाले. आमच्या तालुक्याच्या कापडबाजारात नमुन्याच्या चिंध्या आजही अशाच कात्रीने कापलेल्या दिसतात. मात्र शिंप्याची ती कात्री आणि मुलांची ही कात्री यांचे नाते दात्यांपुरतेच आहे. शिंप्याच्या कात्रीला मध्ये स्क्रू असतो आणि तो आवळता येतो. मेरठच्या कात्रीला 2013 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आजोबाने घ्यावी आणि नातवाने वापरावी अशी तिची ख्याती आहे, आणि ती केवळ पोलादाच्या जोरावर नाही, तर ती खोलता येते, घासता येते आणि पुन्हा जुळवता येते म्हणूनही आहे. मुलांच्या कात्रीत पातळ पत्र्याची दाबून लाटा काढलेली पाती प्लास्टिकच्या अंगात बसवलेली असतात आणि मध्ये कायमचे ठोकलेले रिव्हिट असते. प्लास्टिकमधले भोक हळूहळू लांबट होत जाते आणि ते दुरुस्त करण्याची सोयच ठेवलेली नसते. सायकलवर फिरणारा धारवालाही या कात्रीला हात लावत नाही. दगडावर धरली तर लाटाच घासल्या जातील, हे त्याला पक्के माहीत असते.

म्हणून सुरक्षित कात्रीची सुरुवात मी खिळ्यापासून केली. जुने रिव्हिट ड्रिलने काढले, प्लास्टिकचे भोक मोठे करून त्यात लेथवर काढलेले पितळी बुश, म्हणजे छोटी नळी, दाबून बसवले आणि त्यातून पाच मिलिमीटरचा कॉलर बोल्ट, म्हणजे खांदा असलेला बोल्ट, घातला. त्याच्या पाठीमागे स्प्रिंगसारखा दाब देणारा लाटेच्या आकाराचा वेव्ह वॉशर आणि आपोआप ढिला न होणारा नायलॉक नट. कॉलरमुळे बोल्ट कितीही आवळला तरी पाती जाम होत नाहीत, आणि वॉशरमुळे ती कायम एकमेकांना हलकी टेकून राहतात. लांबीच्या दिशेची ढिलाई 0.05 मिलिमीटरवर आली. तीच बोथट कात्री, तेच दाते. पण पतंगी कागद असा सरळ कापला गेला की मी तिथेच उभ्या उभ्या अख्खे जुने कॅलेंडर कापून टाकले. दुकानात वेल्डिंगसाठी आलेला माणूस नांगराचा फाळ हातात धरून हे पाहत थांबला होता. त्याला काय सांगावे, ते मला सुचले नाही.

पुढच्या सुधारणा त्या मानाने सोप्या होत्या, पण त्यांतल्या दोन साफ फसल्या, आणि त्याही सांगितल्या पाहिजेत.

पहिली चूक माझ्या आईच्या मतावरून झाली. दाते आणखी बोथट करून पाहिले. मुलांनी दुप्पट जोर लावला, कागद फाटला आणि एका मुलाच्या तळव्याला मुठींच्या मध्ये चिमटा बसला. दुसरी चूक माझ्या स्वतःच्या हुशारीची. पात्यांच्या बाजूला मी पारदर्शक प्लास्टिकची आडभिंत बसवली, म्हणजे बोट आत जाणारच नाही. झाले असे की, आडभिंतीवर डिंकाचे हात लागून ती धुरकट झाली, कापायची रेघ दिसेना, आणि मुले तोंड अगदी कात्रीजवळ आणून तिच्या फटीतून डोकावू लागली. बोट वाचवण्यासाठी डोळा जवळ आणणारी सोय मी दुसऱ्याच दिवशी काढून टाकली.

जे टिकले ते असे. नक्षीची कात्री कधीही पूर्ण मिटायची नसते. टोकापर्यंत मिटली की शेवटच्या दात्याची खूण कागदावर उमटते आणि नक्षी तुटते. म्हणून शेवटच्या सेंटिमीटरआधी थांबायचे, पाती उघडायची, आधी कापलेल्या दोन लाटांवर ती पुन्हा बसवायची आणि पुढे जायचे. कारागीर हे सवयीने करतात, मुलांना ते सांभाळता येत नाही. मी दोन मुठींच्या मध्ये रबराचा एक लहान अटकाव बसवला, ज्यामुळे पाती टोकाच्या आठ मिलिमीटर आधीच थांबतात. या एका तुकड्याने नक्षी तुटणे बंद झाले आणि तळव्याला बसणारा चिमटाही गेला, कारण मुठी आता एकमेकींना टेकतच नाहीत. शिवाय टोकाचा आठ मिलिमीटर भाग कापण्याच्या कामाचाच उरला नाही, तेव्हा तो घासून पूर्ण गोल करून टाकला. नक्षीच्या कात्रीला टोकदार टोक कशासाठी देतात, हे मला आजवर उमगलेले नाही. या कात्रीने कागदाच्या मधोमध भोक कोणी पाडत नाही.

मुळाशीही असेच केले. खिळ्याजवळचा एक सेंटिमीटर भाग, जिथे जोर सर्वांत जास्त आणि जिथे पुतणीचे बेचके सापडले, तिथली धार काढून टाकली. उघडण्यावरही मर्यादा घातली: एका मुठीत पिन आणि दुसरीत खाच, म्हणजे पाती तीस अंशांपलीकडे उघडत नाहीत. तीस अंशांना खिळ्यापासून एक सेंटिमीटरवर पात्यांमधले अंतर जेमतेम पाच मिलिमीटर राहते आणि चौथीतल्या मुलाचे बोट त्यात शिरत नाही; टोकाकडे मात्र ते अंतर दोन सेंटिमीटरच्या वर असते आणि कागद घालायला पुरते. पात्यांची लांबी साडेचार सेंटिमीटरवर आणली. एकेका चाव्याला कमी कापले जाते, पण हाताला शीण येत नाही.

उरला दात्यांचा आकार. तो बदलणे माझ्या हाताबाहेरचे होते, कारण त्यासाठी नवी डाय लागते. शेवटी जुन्या कारखान्यातल्या एका मित्राने सुट्टीच्या दिवशी मदत केली आणि आम्ही 5 मिलिमीटर अंतराचे, पण फक्त 1.5 मिलिमीटर खोलीचे दाते काढले. उतार पंचेचाळीसवरून एकतीस अंशांवर आला आणि किनारीची लांबी 1.41 पटीऐवजी 1.17 पट झाली. ढिलाई आलीच, तरी उतार उथळ असल्यामुळे फट कमी पडते, हा दुसरा फायदा. तोटा एकच, झालर जरा साधी दिसते. पुतणीच्या मते ती करवतीसारखी दिसत नाही, "बिस्किटासारखी" दिसते. पुढल्या वर्षी सगळ्या वर्गाने बिस्किटाची झालर लावली.

डावखुऱ्या मुलांचा प्रश्न मी सुरुवातीला लक्षातच घेतला नव्हता. आमच्याकडे अशा मुलाला डेबरा म्हणतात आणि बऱ्याच घरांत अजूनही त्याच्या हातावर चापट मारून कात्री उजव्या हातात दिली जाते. उजव्या हाताची पकड मिटताना अंगठा नकळत बाहेर ढकलतो, बोटे आत ओढतात, आणि त्यामुळे पाती एकमेकांवर दाबली जातात; तीच कात्री डाव्या हातात आली की हेच बळ पाती एकमेकांपासून दूर करते. वॉशरमुळे माझ्या कात्रीत हे पुष्कळ सावरले गेले, पण कापायची रेघ वरच्या पात्याआड लपते, ती लपतेच. त्याला उपाय एकच, आरशातल्या प्रतिमेसारखी उलटी कात्री. तिची डाय अजून झालेली नाही. सध्या आमच्या अभ्यासिकेतला एक डावखुरा मुलगा रेघ कागदाच्या पाठीमागून आखतो आणि मान वाकडी करून काम भागवतो. ही उणीव माझ्या कात्रीची आहे, त्याची नव्हे.

वर्धा इथून फार लांब नाही. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी तिथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीमची कल्पना पुढे आली. मुलाने हाताने काम करावे आणि त्या कामातूनच शिकावे, हा तिचा गाभा. ज्या जिल्ह्यात हे ठरले, त्याच्याच आसपासच्या शाळांमध्ये आज कार्यानुभवाच्या तासाला मुलांच्या हाती येणारे साधन खेळणे समजून विकत घेतले जाते, आणि मोडल्यावर फेकून दिले जाते. सुताराला कोणी बोथट रंधा देत नाही. मुलाला मात्र मुद्दाम वाईट अवजार दिले जाते आणि त्याला सुरक्षितता म्हटले जाते, याचा मला मनापासून राग येतो.

आता आमच्या अभ्यासिकेत अशा बारा कात्र्या आहेत. बाजारच्या चाळीस रुपयांच्या कात्रीवर बुश, बोल्ट आणि अटकाव मिळून माझा पस्तीस रुपयांच्या आसपास खर्च येतो, मजुरी धरलेली नाही. देखभालही फार नाही. डिंक आणि चिकटपट्टीचा चिकटा लागला, तर खोबरेल तेलाच्या फडक्याने पुसायचा, पावसाळ्यात डब्यात कोरडे फडके ठेवायचे, आणि वर्षातून दोनदा बारीक पॉलिश पेपरच्या दहाबारा पट्ट्या कापून घ्यायच्या, म्हणजे धारेवरची कूस, म्हणजे धातूची खरबरीत कड, निघून जाते. कात्री देताना मुलांना मी दोनच गोष्टी सांगतो: दोन्ही अंगठे वर ठेवायचे, म्हणजे कागद धरणारा हात पात्यांच्या रेषेतून आपोआप बाहेर राहतो, आणि वळण आले की कात्री नाही, कागद फिरवायचा.

दर शनिवारी डबा उघडल्यावर आधी पट्टी होते. पतंगी कागदाची एक बोटभर रुंद पट्टी एका मुलाने वरून लोंबती धरायची आणि दुसऱ्याने प्रत्येक कात्री तिच्यावर एकदा चालवायची. पट्टी तुटून खाली पडली तर कात्री डब्यात, मुडपून पात्यांत बसली तर बाजूच्या पत्र्याच्या टोपणात. टोपणातल्या कात्र्यांचा नट पाव फेरा आवळायचा आणि पट्टी पुन्हा लावायची. त्यासाठी सातचा पाना दोरीने खिडकीला बांधून ठेवलेला आहे. परवाच्या शनिवारी दोन कात्र्या टोपणात गेल्या. पुतणी आता सातवीत आहे; तिने पहिली आवळून डब्यात टाकली, दुसरी दोनदा आवळूनही पट्टी मुडपतच राहिली, तेव्हा नट पूर्ण खोलून बुश हातावर घेतले, उजेडात धरून त्याच्या भोकातून पाहिले आणि मला हाक मारली, "मोठेबाबा, हे भोक घासलं. नवीन करा लागते."